जें आहे त्याला कायदा कशाला?

आमचे एक विद्वान स्नेही आहेत. ते रसायनशास्त्र शिकवितात, वर्तमानपत्रें नेमानें वाचतात आणि वाचलेल्या मजकुरावर दुपारच्या चहाबरोबर निकाल देतात. अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळानें गर्भनिरोधाचीं साधनें मिळविण्याचा व वापरण्याचा हक्क सुरक्षित करणारें बिल २०२४ सालीं मंजूर केलें. तेथील त्या वेळचे गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनीं तें नकाराधिकार वापरून परत धाडलें. विधिमंडळानें २०२५ सालीं पुन्हां तसेंच बिल मंजूर केलें आणि गव्हर्नरसाहेबांनीं तेंहि पुन्हां नाकारलें. ही हकीकत आमच्या तोंडून ऐकल्यावर आमच्या स्नेह्यांनीं निकाल दिला तो असा: “जी वस्तु बाजारांत मिठासारखी मिळते तिच्यासाठीं कायदा करणारे वेडे, आणि तो अडविणारेहि वेडे. जें आहे त्याला कायदा कशाला?”

हा निकाल एकट्या आमच्या स्नेह्यांचा असता तर आम्हीं पेला खालीं ठेवून विषय सोडून दिला असता. परंतु अमेरिकेच्या सेनेटांतील पुष्कळ सभासदांनीं हाच निकाल मोठ्या गंभीर मुद्रेनें दिलेला आहे. तेथील प्रतिनिधिगृहानें जुलै २०२२ मध्यें सबंध देशासाठीं अशाच स्वरूपाचें बिल २२८ विरुद्ध १९५ मतांनीं मंजूर केलें होतें. सेनेटांत जून २०२४ मध्यें तसेंच बिल चर्चेस घ्यावें कीं नाहीं या प्रश्नावर ५१ मतें अनुकूल व ३९ प्रतिकूल पडलीं. तेथील नियमाप्रमाणें ६० मतें हवीं होतीं. त्यामुळें बहुमत मिळूनहि बिल उंबरठ्यावरच अडलें. विरोधकांचें म्हणणें एवढेंच होतें कीं गर्भनिरोधाला कोणापासूनहि धोका नाहीं आणि हा सारा निवडणुकीच्या तोंडावरचा देखावा आहे. देखावा असेलहि. निवडणुकीच्या वर्षीं कोणताहि पक्ष देखाव्यावांचून राहिल्याचें आम्हांला ठाऊक नाहीं. पण देखाव्यासाठीं घातलेल्या मांडवांतहि खरें लग्न लागूं शकतें, आणि तें लागावें कीं न लागावें हाच येथें प्रश्न आहे.

प्रथम मिठाची उपमाच पाहूं. समुद्रकांठीं मीठ फुकट पडलेलें असतें म्हणून त्याच्यावर कायदा चालत नाहीं, असें जर असतें तर १९३० सालीं शिरोड्याला आणि वडाळ्याला माणसें लाठ्या खावयास कां गेलीं? वस्तु समोर दिसणें निराळें आणि ती हातीं घेण्याचा अधिकार असणें निराळें. आपल्या इकडील माणसाला तरी हें शिकविण्यासाठीं अमेरिकेचा दाखला द्यावा लागूं नये. परंतु ज्या अर्थीं आमच्या स्नेह्यांनीं विषय अमेरिकेचा काढला आहे, त्या अर्थीं तेथलाच इतिहास उलगडून दाखविणें प्राप्त आहे.

१८७३ सालीं अँथनी कॉमस्टॉक नांवाच्या एका अतिसोज्ज्वळ गृहस्थाच्या खटपटीमुळें अमेरिकेच्या काँग्रेसनें गर्भनिरोधाचीं साधनें व त्यांविषयींची माहिती टपालानें पाठविणें हा गुन्हा ठरविला. अश्लील चित्र आणि वैद्यकाचें पत्रक हीं त्या कायद्यानें एकाच गोणींत भरलीं. सहा वर्षांनीं, म्हणजे १८७९ सालीं, कनेक्टिकट राज्य त्याच्याहि पुढें गेलें. साधन विकणें दूरच राहिलें, तें वापरणें हाच तेथें अपराध झाला, आणि त्याबद्दल कमींत कमी ५० डॉलर दंड किंवा ६० दिवसांची कैद अशी शिक्षा लिहिली गेली. सर्कशीचा मालक म्हणून जगभर नांवाजलेला बार्नम हा त्या वेळीं तेथील विधिमंडळाचा सभासद होता आणि या कायद्यांत त्याचा हात होता. नवराबायकोच्या खोलींत कायद्याचा शिपाई नेमका कोठें उभा राहणार, हा प्रश्न मात्र त्या चतुर खेळियालाहि सुचलेला दिसत नाहीं.

हा कायदा ८६ वर्षें टिकला. कोणी म्हणेल, असला कायदा अमलांत कोण आणतो? शयनगृहांत पोलीस शिरले नाहींत हें खरें. पण कायदा निजला होता, मेला नव्हता. १९३९ सालीं वॉटरबरी गांवच्या संततिनियमन केंद्रावर धाड पडली, पुढल्या वर्षीं राज्याच्या वरिष्ठ कोर्टानें कायदा उचलून धरला, आणि त्यानंतर वीस वर्षें त्या राज्यांत असें एकहि केंद्र उघडें राहिलें नाहीं. याची झळ कोणाला लागली? सधन घरची बाई आपल्या खासगी डॉक्टरकडे जाई, चार शब्द हलक्या आवाजांत बोले आणि हवें तें घेऊन येई. गिरणींतल्या मजुराच्या बायकोला धर्मार्थ दवाखान्याखेरीज दुसरा डॉक्टर माहीत नव्हता. तिच्या वाट्याला दाराचें कुलूप आलें. निजलेल्या कायद्याची ही रीतच आहे. तो थोरामोठ्यांच्या अंगावरून पाय न लावतां जाऊं देतो आणि गरिबाचा पाय पडला कीं जागा होतो.

अखेर १ नोव्हेंबर १९६१ या दिवशीं एस्टेल ग्रिस्वोल्ड या बाईंनीं व येल विद्यापीठांत वैद्यक शिकविणाऱ्या डॉ. ली बक्स्टन यांनीं न्यू हेवन शहरांत उघडउघड केंद्र सुरू केलें. अटक व्हावी म्हणूनच तें सुरू केलें होतें, आणि दहा दिवसांच्या आंत तसें झालेंहि. दोघांना शंभर शंभर डॉलर दंड झाला. तो दंड भांडत भांडत वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि ७ जून १९६५ रोजीं सात विरुद्ध दोन मतांनीं कनेक्टिकटचा कायदा रद्द ठरला.

येथवर सर्व गोड आहे. परंतु निकाल कशाच्या आधारावर झाला हें पाहिलें पाहिजे, कारण घोडें पेंड खातें तें येथेंच. अमेरिकेच्या घटनेंत खासगीपणा हा शब्द नाहीं. मग गर्भनिरोध कोठून असणार? न्यायमूर्ति डग्लस यांनीं युक्तिवाद केला तो असा कीं घटनेंत लिहिलेल्या हक्कांच्या भोंवतीं एक उपच्छाया पडलेली असते आणि त्या उपच्छायेंत पतिपत्नींच्या खासगी जीवनाचा हक्क सांपडतो. ग्रहणांत चंद्राभोंवतीं जशी फिकट सांवली दिसते तशीच ही. निकाल न्याय्य होता याविषयीं आम्हांला तिळमात्र शंका नाहीं. पण सांवलींत बांधलेलें घर सूर्य कलला म्हणजे उन्हांत येतें. विरुद्ध मत देणाऱ्या दोघांपैकीं न्यायमूर्ति स्ट्युअर्ट यांनीं तर कायदा कमालीचा खुळचट आहे हें मान्य केलें होतें. मात्र खुळचट म्हणजे घटनाविरोधी नव्हे. लोकांनीं आपल्या प्रतिनिधींना सांगून तो रद्द करवावा, असें त्यांचें म्हणणें. त्या दिवशीं हें मत कोरडें वाटलें असेल. आज पुन्हां वाचतांना त्यांत एक कटु शहाणपण दिसतें.

१९६५ चा निकाल विवाहितांपुरता होता. अविवाहितांचें काय, हा प्रश्न मॅसॅच्युसेट्स राज्यांत निघाला. बिल बेअर्ड नांवाच्या प्रचारकानें १९६७ सालीं बोस्टन विद्यापीठांत भाषण दिलें आणि भाषणानंतर एका अविवाहित तरुणीच्या हातांत गर्भनिरोधक फेसाचें एक पाकीट दिलें. त्याबद्दल त्याला शिक्षा झाली. सुप्रीम कोर्टानें १९७२ सालीं तीहि रद्द केली. त्या राज्याच्या कायद्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे: तेंच साधन गुप्तरोग टाळण्यासाठीं विकलें तर चालत असे, मूल टाळण्यासाठीं विकलें तर गुन्हा होई. म्हणजे वस्तु एक, पाकीट एक, गिऱ्हाईक एक. त्याच्या मनांत काय आहे यावर दुकानदार सज्जन कीं अपराधी हें ठरावयाचें. या गंमतीची वाचकांनीं आठवण ठेवावी. ती पुढें परत येणार आहे.

२४ जून २०२२ रोजीं ‘डॉब्स’ खटल्यांत सुप्रीम कोर्टानें गर्भपाताचा हक्क घटनेंत नाहीं असें ठरवून १९७३ पासूनचा आपलाच निकाल फिरविला आणि तो प्रश्न लोकप्रतिनिधींच्या स्वाधीन केला. या निकालाचा अन्य हक्कांशीं संबंध लावूं नये असें बहुमताच्या निकालपत्रांत आश्वासन आहे. पण त्याच दिवशीं, त्याच बाजूनें मत देणारे न्यायमूर्ति क्लॅरेन्स थॉमस यांनीं आपल्या स्वतंत्र निकालपत्रांत लिहिलें कीं याच पायावर उभे असलेले इतर निकालहि पुढें-मागें तपासून पाहिले पाहिजेत. आणि उदाहरणादाखल त्यांनीं जीं नांवें घेतलीं त्यांत ग्रिस्वोल्डचें नांव होतें. नऊंपैकीं एकाचें हें मत, असें म्हणून कोणी समाधान मानावें. आम्हांला तें साधत नाहीं. ज्या घराचा पाया आणि शेजारच्या घराचा पाया एकच आहे, तें शेजारचें घर पाडून झाल्यावर गवंडी म्हणतो, ‘तुमच्या भिंतीला हात लावणार नाहीं’. त्याच्या शब्दावर विसंबून त्या रात्रीं निर्धास्त झोंपणारा गृहस्थ भाग्यवान खरा.

आतां आमच्या स्नेह्यांचा प्रश्न पुन्हां घ्या. जें आहे त्याला कायदा कशाला? नागरिक कोर्टाकडे जातो तेव्हां कोर्ट म्हणतें, हक्क हवा असेल तर विधिमंडळाकडून करून घ्या. १९६५ सालीं अल्पमतानें तें सांगितलें, २०२२ सालीं गर्भपातापुरतें बहुमतानें सांगितलें. नागरिक निमूटपणें विधिमंडळाकडे जातो. तेथें त्याला सांगण्यांत येतें, कायदा कशाला, कोर्टानें दिलेलाच आहे कीं! या दारांतून त्या दारांत आणि त्या दारांतून या दारांत अशी ही फेरी आहे. आपल्याकडे कचेरींत दाखल्यासाठीं खेटे घातलेल्या माणसाला हिची ओळख पटेल. ‘आहेच कीं’ हा युक्तिवाद दिसावयास सौम्य आहे, पण त्यांत एक लबाडी आहे: हक्क आहे असें जो मनापासून मानतो त्याला तो कागदावर लिहून देण्यांत अडचण कसली?

व्हर्जिनियांतील बिलाच्या पुरस्कर्त्यांपैकीं गझाला हाशमी या जन्मानें हैदराबादच्या आणि पेशानें इंग्रजीच्या प्राध्यापिका. कॉलेजांत वर्षानुवर्षें शिकवून मग त्या राजकारणांत शिरल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें त्याच राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या जागीं निवडून आल्या. दुसऱ्यांचीं वाक्यें तपासण्यांत ज्यांचें आयुष्य जातें त्यांना न लिहिलेल्या वाक्याची धास्ती वाटावी, हें आम्हां पेशेबंधूंना तरी नवल वाटण्यासारखें नाहीं.

कोर्टाच्या निकालानें न भागणारी आणखी एक गरज कायदा भागवितो. निकाल ‘गर्भनिरोध’ म्हणतो. गर्भनिरोध म्हणजे काय हें तो सांगत नाहीं. आणि आजचें भांडण पुष्कळसें त्या व्याख्येवरच आहे. तांबी आणि संभोगानंतर घ्यावयाची गोळी हीं दोन्ही गर्भपाताचींच साधनें आहेत असा एका पक्षाचा हट्ट आहे. तांबें शुक्रजंतूंना निकामी करून फलन होऊं देत नाहीं. ती गोळी मुख्यतः बीजाचें सुटणें लांबविते. रसायनशास्त्राच्या अध्यापकांस हें आम्हीं सांगावयास नको. पण कायदेमंडळांत रसायनशास्त्रावर मतें घेतलीं जातात, आणि म्हणूनच या नव्या बिलांत गोळ्या, इंजेक्शनें, तांबी, निरोध, संभोगानंतरची गोळी अशीं साधनांचीं नांवें घालावीं लागतात. व्याख्या संदिग्ध राहिली म्हणजे काय होतें? ‘डॉब्स’च्या निकालानंतर अवघ्या कांहीं दिवसांत कॅन्सास सिटीच्या एका मोठ्या रुग्णालय-संस्थेनें आपल्या मिझूरी राज्यांतील रुग्णालयांत ती गोळी देणें थांबविलें. बलात्कार झालेल्या स्त्रियांनाहि ती मिळेना. राज्याचा गर्भपातबंदीचा कायदा या गोळीला लागू आहे कीं नाहीं हें डॉक्टरांना सांगतां येईना, एवढेंच कारण. सरकारी वकिलाच्या कचेरीनें ‘लागू नाहीं’ असा खुलासा केल्यावर गोळी पुन्हां मिळूं लागली. ही गोळी घेण्याची मुदत तासांत मोजतात, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एका-दोन दिवसांचा अर्थ कळेल.

आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत आयडाहो विद्यापीठाच्या कायदेविभागानें आपल्या नोकरवर्गाला पत्रक काढलें. राज्याच्या एका जुन्या कायद्याचा अर्थ नीट लागत नसल्यामुळें, गर्भनिरोधक साधनें विद्यापीठानें देऊं नयेत. निरोध द्यावयाचा झाल्यास रोग टाळण्यासाठीं द्यावा, संततिनियमनासाठीं नव्हे! वाचकांनीं मघांची मॅसॅच्युसेट्सची गंमत आठवावी. जी गोष्ट १९७२ सालीं कायमची निकालांत निघाली असें सारे समजत होते, ती बरोबर ५० वर्षांनीं एका विद्यापीठांत परत आली. आम्ही स्वतः विद्यापीठीय पत्रकांवर पोसलेले आहों. तें लिहिणारा मनुष्य दुष्ट नसतो, तो भितो. आणि भित्या माणसाला धीर देण्याचा एकच उपाय म्हणजे स्पष्ट कायदा.

गव्हर्नर यंगकिन यांनीं दिलेलें कारण याहून निराळें आहे आणि त्याला निराळें उत्तर दिलें पाहिजे. गर्भनिरोध मिळावा हें आपणांस मान्य आहे, परंतु त्यासाठीं लोकांचें धर्मस्वातंत्र्य पायाखालीं तुडवितां येणार नाहीं, असें ते म्हणाले. एखाद्या श्रद्धाळू डॉक्टराला स्वतःच्या हातानें हें साधन न देण्याची मोकळीक असावी, येथपर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर आहों. अशी मोकळीक अपवादाचें कलम लिहून देतां येते. पण दहा कोसांत औषधाचें एकच दुकान असलेल्या गांवीं त्या एका दुकानदाराची श्रद्धा हीच सगळ्या गांवाची श्रद्धा होऊन बसते. मग तेथें स्वातंत्र्य कोणाचें तुडविलें गेलें? धर्म हा ज्याचा त्यानें पाळावयाचा असतो. शेजारणीकडून पाळवून घेतला जातो त्याला आमच्या भाषेंत दुसरा शब्द आहे. हा प्रश्न पक्षाचाहि नव्हे. यंगकिन यांच्याच पक्षाचें वर्चस्व असलेल्या टेनेसी राज्यानें २०२५ सालीं गर्भनिरोधाला संरक्षण देणारा कायदा केला.

नीतीचा आक्षेप आम्ही लांबवीत नाहीं, कारण महाराष्ट्रानें तो पुरेसा ऐकलेला आहे. मार्गारेट सँगर या अमेरिकन बाई १९१६ सालीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत पहिलें केंद्र उघडून तुरुंगांत गेल्या. त्याच बाई १९३५ च्या डिसेंबरांत वर्ध्याला येऊन महात्माजींशीं वाद घालून गेल्या. महात्माजी संयमाच्या पक्षाचे. कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध शेवटपर्यंत राहिला. त्यांच्या बोलण्यामागें तपश्चर्या होती म्हणून तें आदरानें ऐकावें. पण स्वतःचा संयम आणि दुसऱ्याच्या बायकोची बाळंतपणें यांचा हिशेब एकाच वहींत मांडतां येत नाहीं. र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालींच मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें होतें. ते गणिताचे प्राध्यापक. या कामापायीं त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवितांना त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यांत त्यांच्या बाजूनें डॉ. आंबेडकर उभे राहिले. पुढें १० नोव्हेंबर १९३८ रोजीं मुंबईच्या असेंब्लींत संततिनियमनाच्या प्रसारासाठीं सरकारनें झटावें असा ठराव डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फें रोहम यांनीं मांडला, भाषण डॉ. आंबेडकरांनीं तयार केलेलें होतें. ठराव फेटाळला गेला. व्हर्जिनियाच्या विधिमंडळांतील कागद वाचतांना आम्हांला हें सारें आठवलें, आणि आपण या बाबतींत अमेरिकेच्या मागें होतों अशी जी आमच्या सुशिक्षितांची समजूत असते, ती बरीच निराधार वाटली.

येथपर्यंत आम्ही बंदीविरुद्ध बोललों. पण एवढ्यानें प्रश्नाची एकच बाजू होते, आणि दुसरी बाजू व्हर्जिनियाइतकी दुसऱ्या कोणत्याहि राज्याला ठाऊक नसावी. त्याच राज्यानें १९२४ सालीं, ‘मंदबुद्धि’ ठरविलेल्यांची सक्तीनें नसबंदी करण्याचा कायदा केला. कॅरी बक नांवाच्या एका गरीब, अनाथासारख्या वाढलेल्या मुलीवर तो प्रथम चालविण्यांत आला, आणि १९२७ सालीं सुप्रीम कोर्टानें आठ विरुद्ध एक मतानें तो मान्य केला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ति होम्स अमेरिकेच्या उदारमतवाद्यांचें दैवत होते. सात हजारांहून अधिक माणसें व्हर्जिनियांत त्या कायद्याखालीं गेलीं. २००२ सालीं गव्हर्नरनें क्षमा मागितली. म्हणजे एका शतकाच्या आंत त्याच विधिमंडळाच्या इमारतींत एकदां ‘तुला मूल होऊं देणार नाहीं’ असें ठरलें, आणि एकदां ‘मूल न होऊं देण्याचा हक्क तुला देऊं का?’ यावर भांडण झालें. बंदी आणि सक्ति एकाच बापाच्या लेकी आहेत. त्या बापाचें म्हणणें इतकेंच, कीं या शरीराच्या बाबतींत शेवटचा शब्द माझा.

या दृष्टीनें कॅलिफोर्नियाचे लोक आम्हांला सर्वांत दूरदर्शी वाटले. नोव्हेंबर २०२२ मध्यें त्यांनीं लोकमतानें आपल्या राज्यघटनेंत जी दुरुस्ती केली तींत गर्भनिरोधाचीं साधनें पत्करण्याचा किंवा नाकारण्याचा हक्क मूलभूत म्हटला आहे. ‘किंवा नाकारण्याचा’ हे दोन शब्द आमच्या मतें त्या सबंध दुरुस्तीचा प्राण आहेत.

आमच्या स्नेह्यांना हें सर्व ऐकविल्यावर ते म्हणाले, “ठीक आहे, पण हें त्यांचें झालें. आपल्या देशांत १९५२ पासून सरकारच कुटुंबनियोजन करतें. आपल्याकडे मागण्याजोगें काय उरलें?” यावर आम्हांला जरा हंसूं आलें. सरकार करतें हेंच तर दुखणें आहे. आपल्याकडे गर्भनिरोध आला तो योजना म्हणून, आंकडा म्हणून; बाईचा हक्क म्हणून तो कधीं आलाच नाहीं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणींत विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ३८ जणींनीं शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली, आणि पुरुषांच्या शस्त्रक्रियेचें प्रमाण शेंकडा ०.३ भरलें. ही आवडनिवड म्हणावयाची कीं भरती? सुप्रीम कोर्टानें २००९ सालीं मूल होऊं द्यावें कीं नाहीं याची निवड हा घटनेच्या २१ व्या कलमांतील स्वातंत्र्याचा भाग ठरविला, हें खरें. पण त्याच कोर्टानें २००३ सालीं, दोहोंपेक्षां अधिक मुलें असलेल्यांना पंचायतीच्या निवडणुकीस अपात्र करणारा हरियाणाचा कायदा मान्य केलेला होता, आणि आपल्या महाराष्ट्रांतहि २००१ पासून तशी तरतूद लागू झाली होती. म्हणजे आपला हक्कहि कोर्टाच्या उपच्छायेंतच उभा आहे. कलम असें त्याला कोठेंच नाहीं.

“मग तुम्हांला कायदा हवा तरी कसला?” असें त्यांनीं विचारलें. आम्हीं प्रश्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या कागदावर दोन कलमें लिहून त्यांच्यापुढें ठेवलीं. पहिल्यांत, कोणाहि सज्ञान व्यक्तीला गर्भनिरोधाचें साधन व त्याची खरी माहिती मिळविण्यास राज्य अडथळा करणार नाहीं. दुसऱ्यांत, कोणाहि व्यक्तीवर तें लादण्यासाठीं राज्य पगार, शिधा, नोकरी, दाखला किंवा निवडणूक यांचा उपयोग करणार नाहीं. पहिलें कलम त्यांनीं मान डोलावून वाचलें. दुसऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, “हें आतां कोण करतो? उगाच भूत उभें करतां.”

तेव्हां आम्हीं त्यांना १९७६ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षीं आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानें, तीन हयात मुलें असलेल्यांना नसबंदी सक्तीची करणारें बिल मंजूर केलें होतें. देशांत असें बिल मंजूर करणारें पहिलें राज्य आपलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यामुळें तें कायदा झालें नाहीं. पण कायदा व्हावयाची वाट कोण पाहत होतें? १९७६–७७ या एका वर्षांत देशांत ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. आमचे वडील एका तालुक्याच्या गांवीं प्राथमिक शिक्षक होते. शिक्षकांना ‘केसेस’ आणून देण्याचें फर्मान निघालें. वडिलांच्या वांट्याला दोन आल्या, आणि त्या मिळेपर्यंत पगार अडला. आम्ही तेव्हां दुसरी-तिसरींत असूं. वाण्याची वही भरत चालली होती, एवढें आठवतें. पहिली केस म्हणून वडिलांनीं साठी उलटलेला एक विधुर मजूर नेला. त्याचें नांव त्यांनीं आम्हांला शेवटपर्यंत सांगितलें नाहीं. दुसरी केस मिळेना, तेव्हां ते स्वतः जाऊन टेबलावर निजले. प्रमाणपत्र घेऊन संध्याकाळीं बैलगाडींतून घरीं आले, आणि तुंबलेला पगार पुढच्या आठवड्यांत निघाला.